दिग्या स्टाईल

शाल-नारळ हातात ठेवून निवेदिका म्हणाली, "अक्काताई, आज सगळी पेठ 'दिग्या' नाचते. मिरवणुकीत नाचता नाचता गेलेला तुमचा मुलगा! या नाचाला त्याचं नाव कसं पडलं, ते तुमच्याच तोंडून ऐकूया."

मंडपात शिट्ट्या घुमल्या. स्टेजवर पोरं 'दिग्या'च करत होती. दोन्ही हात वर, मुठी आवळलेल्या, मान मागे टाकलेली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत थडथडणारं अंग. सगळ्यांच्या टी-शर्टवर दिगंबरचा फोटो.

अक्काताईंच्या डोळ्यांपुढे ती मिरवणूक उभी राहिली. गणपतीच्या मुकुटाला विजेची तार अडत होती. बांबू काही सापडेना, म्हणून दिगंबर लोखंडी पाइप घेऊन ट्रकवर चढला आणि त्यानं तार वर रेटली. लगेच त्याचं अंग थडथडू लागलं. "दिग्या पेटला रे!" खालून कुणीतरी ओरडलं. डॉल्बी दणाणत होता. अख्खी गल्ली त्याच्यासारखेच हात वर करून थरथरू लागली. दारात उभ्या अक्काताईंनीही कौतुकानं टाळ्या वाजवल्या. एकदाची लाज मोडली पोराची, असं त्यांना वाटलं होतं.

निवेदिकेनं माईक पुढे केला. पोरं थांबली.

"लई लाजाळू हुता माझा दिगंबर," अक्काताई म्हणाल्या. "जन्मात कधी नाचला न्हाई गं त्यो. त्या दिवशीबी न्हाई."