घरच्यांच्या शब्दांत

उद्याच्या पानावर वार्ताहर बिक-हाच्या बातमीच्या जागी काळी चौकट होती. चौकटीत घरमालक युएनचा शोकसंदेश: ‘आदरणीय मॉय यांचे दीर्घ आजाराने निधन झाले. आम्ही कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहोत.’ तिचं डोकंच फिरलं. पान हातात घेऊन ती तडक पेपरच्या मालकाच्या खोलीत घुसली.

“क्वोकसाहेब, म्हातारा थंडीनं गेला! भाडेकरू वैतागून निघून जावेत म्हणून युएननं ऐन हिवाळ्यात बिल्डिंगचे हीटर बंद केलेत. आणि आपण त्याचाच शोकसंदेश छापायचा?”

“ओरडू नकोस,” क्वोक म्हणाला. “युएनच्या जाहिरातींवर हा पेपर उभा आहे. शिवाय आपल्या लोकांची लक्तरं आपणच वेशीवर टांगायची?”

“मग कोणी टांगायची? या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नाही. आपल्याशिवाय त्यांचं ऐकणार कोण?”

“बातमी जाणार नाही. विषय संपला.”

न्यू यॉर्कच्या चायनाटाउनमधल्या त्या चिनी दैनिकात बिक-हाची उमेदीची सारी वर्षं खर्ची पडली होती. दुकानांची उद्घाटनं, मंडळांच्या मेजवान्या, कुणाची मुलगी डॉक्टर झाली. सगळं तिनं निमूट लिहिलं होतं. आज राजीनामा तोंडावर फेकायचाच, असं ठरवून ती बाहेर आली. काउंटरपाशी मॉयआजी उभी होती. अंगात दोन कोट, त्यावर नवऱ्याचा स्वेटर.

क्वोक लगबगीनं मागून आला. कमरेत वाकून त्यानं ते पान आजीपुढे धरलं. “बघा आजी, युएनसाहेबांनी केवढा मान दिलाय.”

“मला कुठं वाचता येतं? तू वाच गं पोरी.”

बिक-हानं वाचलं. दात-ओठ खात, पण शब्दन्‌शब्द वाचला.

“आजार?” म्हातारी म्हणाली. “कसला आजार? परवा-परवापर्यंत तांदळाची गोणी घेऊन जिना चढत होता तो. रात्रभर पांघरुणात थरथरत होता. सकाळी थरथरायचा थांबला. हा आजार होय?”

“मी खरं लिहिलं होतं, आजी. हे छापत नाहीत.”

क्वोकनं डोळे वटारले. आजीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “बरं, घरच्यांनी द्यायची मृत्युवार्ता तरी घेता ना?”

पेपर सुरू करणाऱ्या क्वोकच्या वडिलांचा नियम होता: परक्या मुलखात मेलेल्याची वार्ता फुकट छापायची, घरच्यांच्या शब्दांत, एका अक्षराचाही फेरफार न करता. दरवर्षी वर्धापनदिनाच्या जेवणात क्वोक स्वतःच तो छाती फुगवून सांगायचा. काउंटरपाशी आणखी माणसं उभी होती. सगळी ऐकत होती.

“घेतो की,” तो पुटपुटला.

“मग लिही गं. माझा नवरा मॉय गिम-वा. आजारी नव्हता. युएननं हीटर बंद केले, म्हणून गारठून मेला. खाली माझं नाव घाल.”

बिक-हानं लिहून घेतलं. एक अक्षरही तिनं बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी एकाच पानावर वर युएनचा शोकसंदेश होता आणि खाली आजीची वार्ता. दुपारच्या आत युएननं सगळ्या जाहिराती काढून घेतल्या. क्वोक बिक-हाच्या टेबलावर हात आपटून किंचाळला, “बुडवलंस मला! आता त्या बिल्डिंगबद्दल एक ओळ छापायची नाही. मृत्युवार्ता असेल तरच घेईन, आणि मृत्युवार्तेला माणूस मेलेलं लागतं!”

तेवढ्यात बाहेर गलका झाला. त्या बिल्डिंगमधली म्हातारी मंडळी एकमेकांना धरून जिना चढून आली होती. चिनी नवं वर्ष तोंडावर आलेलं. या दिवसांत ही माणसं ‘चार’ हा आकडासुद्धा उच्चारत नाहीत, कारण चिनीत तो ‘मरण’ या शब्दासारखा ऐकू येतो. सगळ्यांत पुढे लाम आजोबा होते, जन्मभर शिवणाच्या कारखान्यात राबलेले. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

“मृत्युवार्ता द्यायचीय.”

क्वोक चरकला. “आता कोण गेलं?”

“मी,” लाम आजोबा म्हणाले. “हीटर अजून बंदच आहेत. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवा.”