कुलूपबंद अकाउंट

घणसोली गावातल्या सोनलची इन्स्टावर दोन अकाउंट होती. पहिल्यावर ती नटूनथटून यायची. दुसऱ्याला कुलूप होतं. तिथे पिंपल्स, रडकं तोंड, सगळं चालायचं, कारण बघणारी एकच मैत्रीण, ऋता.

रविवारी दुपारी खोलीचं दार लावून तिने तेल चोपडलेल्या केसांचा फोटो टाकला. लगेच ऋताचा मेसेज आला, "ए, गालांवर हात कोणाचे गं? किती लाडाने धरलंय तुला!"

फोटोत खरंच हिरवी काकणं भरलेले दोन हात होते. खोलीत तर ती एकटीच.

तिने घाईघाईने दुसरा फोटो काढला. गाल मोकळे होते. तिने हुश्श केलं.

तेवढ्यात काकणं वाजली आणि अगदी तिच्या मानेमागे कोणीतरी मायेने कडाकडा बोटं मोडली.