वाळूवरची साय

तीन महिने झाले तरी सून शिवकन्या पाण्याची टाकी धूत नाही, याला आळस नाही तर काय म्हणावं? साखराबाईच्या घरी तांब्यासुद्धा राखेनं घासून आरशागत ठेवायची रीत. आणि चुलीपल्याड शिवकन्येनं मांडलेल्या निळ्या टाकीत वाळूवर बुळबुळीत साय धरलेली. वरून हापशाचं पाणी ओतायचं, वाळूतून गाळलेलं नितळ खालच्या नळीतून घ्यायचं. लाइट नको, मोटार नको. पाणी गोड लागायचं. नात रोहिणीचं पोटही तेव्हापासून बिघडलं नव्हतं. पण घाण ती घाणच.

आज युसूफ वडगाव या गावाहून विहीण, लेकीची सासू, यायची होती. शिवकन्या शेरडं घेऊन गेली, तसा साखराबाईनं पदर खोचला. हापशावरून आठ खेपा केल्या. वाळू उपसून सात पाण्यानं धुतली, खडीसाखरेगत करून परत भरली.

शिवकन्या आली, टाकीत डोकावली आणि तिथंच बसली.

"आत्या, त्या सायीतच समदं होतं. पाण्यातलं वाईट तीच खाती. दुधाला विरजण, तशी ती पाण्याला."

"मंग लाव की परत."

"लावता येत न्हाई. रोज पाणी घातलं की आपसूक धरती. तीन आठवडे लागत्यात. तवर रोहिणीला उकळूनच द्यावं लागंल."

साखराबाईला पोरीचं दुखणं आठवलं. वैशाखात रोहिणीला सलाइन लावलं होतं. सुई टोचायला पोरीच्या हातावर शीर सापडत नव्हती.

ताराबाई विहीण आली ती टाकीपाशीच टेकली. "लई ऐकलंय ह्या पाण्याचं. द्या बरं घोटभर."

"आज न्हाई, मावशी," शिवकन्या म्हणाली. "मी वाळू धुऊन बसले. चुकलंच माझं."

"बारावी शिकून एवढं कळंना व्हय?" ताराबाई हसली.

साखराबाई उठली. शिंक्यावरचं विरजणाचं गाडगं तिनं खाली घेतलं. तीस वर्षांत त्याला तिनं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"विहीणबाई, वाळू मी धुतली," ती म्हणाली. मग गाडगं सुनेच्या ओंजळीत ठेवलं.

"आळशी न्हाईस तू, खोटारडी हायस. आजपासून विरजण तूच लाव."