बाबांच्या हातची धार

लाकूड खरवडून गुळगुळीत करायच्या पोलादी पट्टीला बाबा रोज सकाळी स्वतः धार लावायचे. आधी कानस, मग दगड, शेवटी सळई दाबून कड वळवायची. पण हे लाड फक्त धाकट्याचे. थोरल्याला म्हणायचे, "तुझी तू लाव, तुला येतंय की." थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोघांनाही मिशा फुटून जमाना झाला, तरी लाडका तो लाडकाच!

आज बाबांची पाठ वळताच थोरल्याने दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली आणि बाबांच्या हातची पट्टी फळीवर दाबून ओढली. नुसता भुसा! पुन्हा ओढली. भुसाच. शेजारी धाकट्याच्या हाताखालून मात्र कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे निघत होते.

बाबांनी त्यातला एक थरथरत्या बोटांनी उचलून उजेडात धरला. "बघा, अजून माझ्या हातची धार तशीच आहे!"

"अहो बाबा, ती पट्टी..." थोरल्याने तोंड उघडलं, तेवढ्यात धाकट्याने त्याच्या पायावर पाय दिला.

बाबा बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "दादा, उद्याही बदलशील ना? वर्षभर त्यांना चोरून फळ्यांवर पॉलिशपेपर घासतोय मी."