चौथा सड

"सर, हा आकडा चुकलाय," शुभांगी म्हणाली आणि तिने टॅब आदिनाथसमोर धरला.

पडद्यावर खेळातली बाई, चांगुणा, गाईजवळ उकिडवी बसली होती. डोक्यावर पदर, गुडघ्यांत बादली. मुलांनी तिला एकेक आज्ञा द्यायची, ती तेवढंच करणार. कास धू. सड पिळ. त्याखाली 'पुन्हा कर' अशी आज्ञा होती, आणि किती सड पिळायचे तो आकडा मुलांनी भरायचा होता.

"गाईला सड चार. जयमालाताईंनी उत्तर तीन ठेवलंय. चार भरलं की गाय बादली लाथाडते. म्हणजे मुलं बरोबर उत्तर देणार आणि लाथ खाणार."

आदिनाथने चष्मा वर करून बघितलं. तीनच होतं. चांगुणा त्याच्या बायकोने, जयमालाने काढली होती. कोडी तिची, उत्तरंही तिनेच भरलेली. त्याने फक्त आज्ञा चालत्या केल्या होत्या. हे कोडं शेवटचं. जाण्याआधीच्या महिन्यात, पलंगावर उशीला टेकून तिने ते केलं होतं.

"औषधांनी होतं असं," शुभांगी हळू म्हणाली. "पुण्याला गेल्यावर मी चार करून टाकते. एका आकड्याचं तर काम आहे."

आदिनाथने टॅब तिला परत दिला. औषधांनी डोकं मधूनमधून भरकटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आला होता, शेवटपर्यंत शुद्धीत होती. त्याच महिन्यात एका दुपारी ती त्याला म्हणाली होती, "तुमच्यासंगं बरं गेलं माझं." ते वाक्य धरून तो तेव्हापासून उठत-बसत होता. पण जिला गाईचे सड नीट मोजता आले नाहीत, तिचं ते बोलणं तरी शुद्धीतलं होतं का?

ते दोघं ज्या गावच्या शाळेत हा खेळ घेऊन आले होते, तिथल्या खोलीत मुलं सतरंजीवर बसली होती. टॅब वाटून झाले होते. बाहेर दुधाचा टेम्पो पारनेरच्या दिशेने गेला.

पहिल्या रांगेत बादली उलटल्याचा आवाज झाला. मुलं हसली.

"सर, गेम बिघाडलाय," पार्थ म्हणाला. "चार भरलं तर लाथ मारती."

शुभांगीने आदिनाथकडे बघितलं. तो खिडकीकडे बघू लागला.

"चार भरलंस व्हय?" मागून निकिताने विचारलं.

"मग किती? गाईला चार असत्यात."

"चौथा वासराचा. तुमच्याकडं वासरू उपाशी ठिवत्यात का काय?"

"आमच्याकडं मशीन हाय. मशीन चारी सडाला लागतं."

"म्हणून तर तुमचं वासरू खराट्यावानी दिसतं."

पुन्हा सगळी हसली. पार्थही हसला, मग त्याने चार खोडून तीन केलं. या वेळी गाय हलली नाही. बादली भरली.

आदिनाथ मुलांमधून वाट काढत निकिताजवळ आला. "तुला कुणी सांगितलं, चौथा वासराचा?"

निकिताने मान वर केली. "त्यात सांगायचं काय, सर? आजी रोज एक सोडती." मग तिने टॅब त्याच्यापुढे केला. "पन वासरू सोडायचं कसं? त्याची आज्ञाच न्हाई ह्यात."

"कुठलं वासरू?"

"हे काय."

चित्राच्या कोपऱ्यात वासरू होतं. खुंट्याला बांधलेलं, कपाळावर पांढरा टिळा. आदिनाथने ते कितीदा तरी पाहिलं होतं. जागा रिकामी दिसू नये म्हणून काढलं असेल, असं त्याला वाटलं होतं. तो नगरात माळीवाड्यात वाढला होता, दूध त्याच्या घरी पिशवीतून यायचं. जयमालाचं माहेर हिवरे बाजारच्या अंगाला. लग्न होईपर्यंत घरच्या गाईंच्या धारा तिच्याकडे होत्या.

तो तिथेच सतरंजीवर बसला. चष्मा काढून त्याने सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. वासरू गाईकडे तोंड करून उभं होतं. दावं ताणलेलं होतं.

शुभांगी त्याच्याजवळ येऊन वाकली. "सर, मग चार नको ना करू?"

"नको. तीन बरोबर आहे." मग तो म्हणाला, "शुद्धीत होती ती."

 शुभांगीने मान हलवली.

"सर, वासरू," निकिता म्हणाली.

"थांब, करतो."

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. मुलं भोवती गोळा झाली. पार्थ त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास कानाला लागत होता. जयमाला गेल्यापासून आदिनाथने या खेळाला हात लावला नव्हता. आता बोटं आपोआप चालली. त्याने नवी आज्ञा लिहिली, 'वासरू सोड', आणि ती निकिताच्या टॅबवर पाठवली.

निकिताने कास धुतली. तीन सड पिळले. मग सगळ्यांकडे एकदा बघून शेवटच्या आज्ञेवर बोट ठेवलं.

वासरू निघालं. पाय न हलवता, घसरत घसरत, थेट कासेपर्यंत गेलं. जयमालाने वासरू, दावं आणि खुंटा एकाच चित्रात काढले होते, त्यामुळे दावं त्याच्याबरोबर गेलं आणि खुंटाही जमिनीवरून सरकत मागे गेला.

"खुंटा बी संगं आला!" पार्थ ओरडला, आणि खोलीभर हसू फुटलं. आदिनाथही हसला. हसता हसता त्याला खोकला आला, तरी तो थांबला नाही.

"सर, खुंटा वेगळा काढावा लागेल," शुभांगी म्हणाली. तिने टॅब घ्यायला हात पुढे केला.

"काढू," आदिनाथ म्हणाला. "आधी पिऊ दे त्याला."