दगडीपाला आणि भुकटी

कोरेगावचे मानसिंगराव झाडपाल्याची औषधं द्यायचे, आणि त्यांच्या पोरीला मागणी घालणारा जयराज कराडच्या प्रयोगशाळेत रसायनांपासून नवी औषधं बनवायचा.

"तुझ्या भुकटीनं माझ्या दगडीपाल्याला हरवलं तरच पोरगी देईन," मानसिंगरावांनी अट घातली. हिशेब सोपा होता: जिंकला तर जावई हुशार, हरला तर ब्याद टळली.

निवाड्याला बसली खुद्द पोरगीच. जंतूंचा अभ्यास करणाऱ्या प्रियदर्शनीनं काचेच्या बशीत जंतू पसरले आणि एकेका औषधात भिजवलेल्या दोन कागदी चकत्या त्यावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मानसिंगराव फेटा बांधून हजर. भुकटीभोवती जंतू मेले होते ते लहानशा वर्तुळात. पाल्याभोवतीचं वर्तुळ चांगलं ऐसपैस.

"हरलास रं गड्या!"

जयराजचं तोंड पडलं. मानसिंगरावांनी मिशीवर हात फिरवत बशी उजेडात धरली. दोन चकत्यांच्या मधे तर पार लांबवर एकही जंतू उरला नव्हता.

"हितं कुणाचं औषध चाललं?"

"दोन्ही मिळून, आबा. एकेकट्याला एवढं जमत न्हाई."

"पण चकत्या लांब लांब ठेवायच्या असत्यात, तूच म्हणालीस न्हवं?"

"व्हय... घाईत जवळ पडल्या."

लेक घाईत चुकणारी नव्हे, हे बाप पुरतं ओळखून होता. हसू दाबत त्यानं बशी जयराजच्या हातात दिली.

"रविवारी वडलांना घेऊन ये, सुपारी फोडू. ह्या सोयरिकीत नुकसान झालंच तर जंतूंचं हाय!"