जुन्या लिफ्टरची साक्ष

“पोराले ठेवाचं का काढाचं, आज ठरवून टाका,” टीम चालवणारे वहाबचाचा म्हणाले. “रविवारी मोताळ्याची टुर्नामेंट आहे. मले उद्या नावं द्या लागतात.”

रोहिणखेडच्या मैदानावर व्हॉलीबॉलची अख्खी टीम नेटच्या खांबाजवळ कोंडाळं करून बसली होती. ज्याचा फैसला व्हायचा होता तो मधोमध, मान खाली घालून. संघर्ष नाव त्याचं. एकोणीस वर्षांचा पोरगा. यंदा पहिल्यांदाच लिफ्टर झाला होता. लिफ्टरनं बॉल नेटवर तोलून द्यायचा, मारणाऱ्यानं तो पलीकडे हाणायचा. सगळा खेळ लिफ्टरच्या दहा बोटांवर. आणि संघर्ष लिफ्टर झाल्यापासून टीम चारही सामने हरली होती.

“बॉल ठेंगणा देते तो,” राजकुमार म्हणाला. “मी उडतो तवा बॉल खाली उतरून गेला असते. मी काय करू?”

राजकुमार टीमचा मारणारा. त्याच्यासारखा उडणारा गडी तालुक्यात नव्हता. शिवाय टीमची गाडी आणि जर्स्या त्याच्या वडिलांकडून, महादेवरावांकडून यायच्या. दोघातिघांनी लगेच माना हलवल्या.

अकील सगळ्यांच्या मागे, दुखरा गुडघा लांब करून बसला होता. दिवसभर दुकानात गाद्या शिवायच्या आणि संध्याकाळी मैदान गाठायचं, असा त्याचा बारा वर्षांचा नेम. बारा वर्षं लिफ्टर तोच होता. छत्तिशी आली, गुडघा बोलायला लागला, तेव्हा चाचांनी त्याला बाहेर बसवलं आणि भीमनगरातल्या या पोराला उभं केलं. “चांगलं केलं चाचा,” असं तो तेव्हा हसून म्हणाला होता. घरी मात्र दोन दिवस बायकोशी, रुबिनाशी, धड बोलला नाही.

पण बाहेर बसल्यानं त्याला एक गोष्ट दिसली होती. देऊळघाटच्या सामन्यात पब्लिक बॉल पाहत होतं, अकील पाय पाहत होता. संघर्षनं बॉल उचलला तो सरळ, हलका, पाहिजे तेवढा उंच. अकीललाही असा बॉल रोज जमला नसता. राजकुमारचे पाय मात्र जमिनीला चिकटून राहिले. बॉल उतरायला लागला तेव्हा तो उडाला, बॉल नेटमध्ये घातला आणि दोन्ही हात पसरून पोराकडे वळला. लोकांनी पोराला शिव्या घातल्या. मग पुन्हा तसंच. आणि पुन्हा.

सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर राजकुमार कुणाला तरी हसत सांगत होता, “आता भीमनगरच्या पोराच्या इशाऱ्यावर उड्या मारू का मी?” अकील मागेच उभा होता. त्यानं चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसला.

“अकील,” चाचांनी हाक मारली. “तू सांग. लिफ्टरचं लिफ्टरले कयते. पोराच्या हातात खोट आहे का?”

सगळे वळले. संघर्षनं पहिल्यांदाच मान वर केली आणि अकीलकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. उलट जरा सैल पडल्यासारखा दिसला तो. अकीलला त्याचा अर्थ लागला नाही.

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण ते बोललं तर राजकुमार उठून जाणार, महादेवरावांची गाडी जाणार. आणि पोरगा राहिला तर आपण कायमचे बाहेर.

“हात कच्चा आहे चाचा,” अकील म्हणाला. “एखादं वर्स बाहीर बसू द्या. शिकन.”

संघर्ष त्याच्याकडे बघतच राहिला. मग उठला. जर्सी काढली, नीट घडी घालून चाचांच्या पुढ्यात ठेवली आणि बनियनवरच घरी निघाला.

रविवारी मोताळ्यात अकील उतरला. त्याचा पहिलाच बॉल आखूड गेला, हातभर तरी. हात लावल्या लावल्या त्याला ते कळलं. पण राजकुमार आधीच हवेत होता. त्यानं अंग वाकवून तो बॉल गाठला आणि पलीकडच्या कोपऱ्यात असा हाणला की पब्लिकनं शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. दिवसभर तेच झालं. अकीलचा वाईट बॉलही राजकुमारनं वाया जाऊ दिला नाही.

कप मिळाला. गुलाल उधळला गेला. राजकुमारनं अकीलला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं. “लिफ्टर असावा तं असा!” तो ओरडत होता. अकील हसला. तोंडात गेलेला गुलाल कडू लागला.

खाली उतरताना त्याला दोरीपलीकडे संघर्ष दिसला. एसटीनं आला असावा. अकील लंगडत त्याच्यापाशी गेला आणि खांद्यावर हात ठेवला.

“पुढच्या साली तूच बे. माह्या गुडघ्यात आता दम नाई राह्यला.”

“पुढच्या साली मी नाई भाई. उद्या चाकणले चाललो, कंपनीत.” पोरानं पलीकडे नाचणाऱ्या राजकुमारकडे पाहिलं. “राजकुमार थांबून उडे. मले मालूम होतं.”

अकीलचा हात खांद्यावरून गळून पडला. “मंग त्या दिवशी काऊन नाई बोललास?”

“मी बोललो असतो तं लोकं म्हनले असते, सोताची चूक झाकून राह्यला.” संघर्षच्या आवाजात राग नव्हता. “म्हनून मीच चाचाले म्हनलो होतो, अकीलभाईले इचारा. ते खोटं नाई बोलत.”